ठेंगणीची नवी चाकं

आमच्या घरात गाडीला कुणी गाडी म्हणत नसे. ती ठेंगणी होती. कंपनीनं दिलेलं तिचं खरं नाव मागच्या झाकणावर चकचकीत अक्षरांत लिहिलेलं होतं, पण त्यातली तीन अक्षरं ती आमच्याकडे येण्याआधीच गळून पडली होती आणि उरलेल्यांतून कसलंच नाव तयार होत नव्हतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. रंग सायीसारखा, दोन गोल दिवे, आणि चार माणसं बसली की पाचव्यानं श्वास जपून घ्यायचा. गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरापुढे पत्र्याचं एक छप्पर होतं. ते खरं तर आईनं पापड-कुरडया घालताना सावलीत बसता यावं म्हणून हट्टानं करून घेतलेलं. तिथं ठेंगणी येऊन बसली आणि आई उन्हात गेली. हे आई पुढे कितीतरी वर्षं सांगायची, आणि दर वेळी नव्या रागानं सांगायची.

आप्पा मोजणी खात्यात होते. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीचे दगड दाखवायचे आणि दोन्हीकडच्या भावांच्या शिव्या खायच्या, असं ते आपल्या कामाचं वर्णन करत. आठवडाभर ढेकळं तुडवणारा हा माणूस रविवारी सकाळी ठेंगणीजवळ गेला की वेगळाच व्हायचा. आईच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा घेऊन आधी काचा, मग दिवे, मग चाकं पुसायचे, आणि मग आत बसून चोक ओढायचे. ठेंगणी दोनदा खोकायची, तिसऱ्यांदा चालू व्हायची, आणि सगळ्या गल्लीला कळायचं की मोजणीदारांचा रविवार सुरू झाला. आई नेमकी त्याच वेळी आमटीसाठी येसर भाजायला घ्यायची. लोखंडी तव्यात गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सुकं खोबरं असं एकेक भाजत जायचं, मग खलबत्त्यात कुटायचं. बाहेर इंजिनाची घरघर, आत कुटण्याचा ठोका, आणि पेट्रोलचा वास येसराच्या वासात मिसळलेला. अजूनही पेट्रोल पंपावर उभी राहिले की मला येसराची आमटी खावीशी वाटते. लोक हसतील म्हणून हे मी कुणाला सांगत नाही.

पण आप्पांना ठेंगणी कशासाठी हवी होती, ते तिच्यातून त्यांच्याबरोबर शहराबाहेर गेल्याशिवाय कळायचं नाही. ते जोरात कधी चालवत नसत. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर, आणि तोंडानं शेतं सांगणं चालू. ‘ही विहीर बघ, हिच्यापायी दोन सख्खे भाऊ बारा वर्षं बोलले नाहीत.’ ‘त्या बाभळीपाशी दगड पुरला होता, रातोरात दहा पावलं चालत गेला.’ पायी, उन्हात, साखळी ओढत मोजलेल्या जमिनी आता बसून, वाऱ्यावर, मालकासारख्या बघायच्या. मी त्यांना इतकं सुखी दुसरीकडे कुठंच पाहिलेलं नाही. घरात नाही, कार्यात नाही, माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा नाही.

माझा पॉलिटेक्निकचा शेवटचा निकाल लागला त्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे ठेंगणीची चाकं गेली. टायर नव्हे, आतली लोखंडी चाकं. गंजानं कडा खाल्ल्या होत्या, खड्ड्यांनी वाकवल्या होत्या, आणि आठवड्याला एक पंक्चर ठरलेलं. त्या मापाची नवी लोखंडी चाकं बाजारात मिळेनाशी झाली होती. दुसरी गोष्ट म्हणजे वाळूजच्या एका कारखान्यातून मला पत्र आलं. तयार झालेला माल मापात आहे की नाही हे बघण्याच्या विभागात शिकाऊ म्हणून जागा, पंधरा दिवसांत हजर व्हायचं. पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर ते फाटायला आलं.

अडचण बापूंची होती. बापू म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. पिशोरची शेती ते बघायचे, आणि आमच्या घरातले मोठे निर्णयही तेच घ्यायचे, कारण आप्पांना शिकता यावं म्हणून त्यांनी स्वतःची शाळा चौथीत सोडली होती. हे उपकार बापूंनी कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून ते जास्तच जड होते. त्यांनी माझ्यासाठी कन्नडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं, साखर कारखान्यातला कारकून. निरोप आला तो असा : ‘पोरीनं कारखान्यात जाऊन पाना धरायचा, हे आपल्यात नाय. हुरड्याला या, मग बोलू.’ आईनं निरोप ऐकला आणि कपाटातली माझी चांगली साडी उन्हात टाकली.  आप्पा मात्र छपराखाली उकिडवे बसून ठेंगणीच्या वाकलेल्या चाकाकडे बघत होते.

‘माय,’ ते म्हणाले. मला ते माय म्हणायचे. ‘बापूदादाला बोलून पटत नाय. त्याला डोळ्यांनी दिसावं लागतं. ही चाकं तू निवड. तूच मोज, तूच बसवून घे. त्याच गाडीतून आपण हुरड्याला जाऊ, आणि मी म्हणीन, दादा, हे पोरीचं काम. मग बघू काय म्हणतो.’

म्हणजे माझी नोकरी ठेंगणीच्या चार चाकांवर ठेवलेली होती. मला ते फार आवडलं होतं, हे कबूल करते. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं.

लोखंडी मिळत नव्हती म्हणून हलक्या मिश्रधातूची चाकं घ्यायची ठरली. तेव्हा त्यांना मॅगव्हील म्हणायचे. आता सगळे अलॉय म्हणतात आणि फोनवर चित्र बघून मागवतात. चित्रात चाक फक्त गोल दिसतं. प्रत्यक्षात ते दुसऱ्या गाडीला बसवायचं तर पाच-सहा मापं जुळावी लागतात, आणि त्यातलं एकही डोळ्यांनी कळत नाही. पहिलं आणि मुख्य म्हणजे बोल्टांचं वर्तुळ. ठेंगणीच्या चाकाला चार बोल्ट होते. समोरासमोरच्या दोन बोल्टांमधलं अंतर आणि चाकाच्या भोकांमधलं अंतर एकच हवं. मग मधलं मोठं भोक. मग चाक आत किती बसतं आणि बाहेर किती येतं ते माप, नाहीतर वळताना टायर मडगार्डला घासतं. मग रुंदी, मग नटाची बैठक, म्हणजे नट चाकात टेकतो ती जागा. मी वहीत सगळ्यांचे रकाने आखले. आप्पांची नकाशे काढायची सागवानी पट्टी घेतली, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असलेली, त्यांच्या हाताच्या घामानं काळपट तुळतुळीत झालेली. जुनं चाक उतरवून घेतलं आणि पट्टीचं टोक एका बोल्टच्या डाव्या कडेला टेकवून समोरच्या बोल्टच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं. बरोबर दहा सेंटिमीटर. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा दहा.

आमचे गफूर मिस्त्री बाजूला बिडी ओढत उभे होते. जाफर गेटजवळ त्यांचं गॅरेज होतं आणि ठेंगणीला ते डॉक्टरांच्या काळापासून ओळखत होते. त्यांनी आपली लोखंडी फूटपट्टी खिशातून काढली, वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘चार इंच में एक सूत कम, बाई.’ मिस्त्री लोकांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

‘मिस्त्री, आता सूत कुठं राहिलं?’ मी म्हणाले. ‘शंभर मिलिमीटर आहे. गोल आकडा.’

‘तुम बोले तो सौ,’ मिस्त्री म्हणाले. ‘तुम इंजिनेर, हम क्या, हाथ काले करनेवाले.’ त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तरी मी जरा ताठच झाले.

जुन्या मालाच्या बाजारात करीमभाईंचं दुकान होतं. तिथं त्या आकाराच्या चार-चार चाकांचे तीन संच मिळाले. आप्पांचा जीव पहिल्यावरच बसला. फुलाच्या पाकळ्यांसारख्या त्याच्या काड्या होत्या, मधे लाल ठिपका. ते पुन्हा पुन्हा त्यावर हात फिरवत होते. मी चाक पालथं घातलं, कडेवर पट्टी आडवी ठेवली, आत किती खोल आहे ते मोजलं आणि सांगितलं, ‘आप्पा, हे बोटभर बाहेर येईल. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मडगार्ड टायर कापील.’ आप्पांनी पाकळ्यांवरचा हात काढून घेतला. दुसऱ्या संचाचं मधलं भोक लहान निघालं. तिसरा संच साधा होता, कडेनं गोल गोल खिडक्या पाडलेला, थोडा मळकट. त्याची खोली बरोबर, रुंदी बरोबर, मधलं भोक बरोबर, नटाची बैठक निमुळती, आमच्या नटांसारखीच. बोल्टांचं वर्तुळ करीमभाईंनी स्वतःच्या वर्निअरनं मोजून दाखवलं. ‘ये पूरा सौ है. तुम्हारा सौ है तो आँख मूँद के ले जाओ.’

बसवताना चौथा नट जड गेला. चारही चाकांना चौथाच नट जड. गफूर मिस्त्री थांबले, पाना सोडला आणि म्हणाले, ‘बाई, ये जोर मांग रहा. खुशी से नहीं जा रहा.’

‘नवीन आहे मिस्त्री, बसेल,’ मी म्हणाले.

मिस्त्रींनी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, ‘माझ्या पोरीनं मोजलंय. आवळा.’

हे वाक्य मी आयुष्यभर कानात घेऊन फिरले आहे. तेव्हा त्याच्या आनंदानं, आणि नंतर दुसऱ्याच कारणानं.

हुरड्याला आम्ही सकाळी निघालो. आप्पा गाडी चालवत होते, शेजारी आई, मागे मी आणि मांडीवर धपाट्यांचा डबा. पिशोरला कन्नडवरून जायचं. आता तो रस्ता मोठा झाला आहे, डोळा लागून उघडेपर्यंत माणूस पोचतं. तेव्हा दौलताबादच्या किल्ल्याच्या वेशीतून एकेक गाडी करत, मग घाट चढून जावं लागायचं, आणि रस्ता असा की पोटातलं पाणी हलायचं. त्यामुळे गाडी खडखडली तरी मला काही वेगळं वाटलं नाही. आप्पा मात्र त्या दिवशी शेतं सांगत नव्हते. घाट संपल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि ‘हवा बघतो’ म्हणून उतरले. वेरूळच्या पुढे पुन्हा थांबवली. हतनूरला चहाला, मग बोरं घ्यायला, मग उगीच. दर वेळी ते चाकांपाशी वाकायचे, डिकीतून पाना काढायचे. मला राग येत होता. इतकी छान चाकं आणि हे बैलगाडीच्या चालीनं नेताहेत! मी म्हटलं तसं. ‘नवीन चाकं मुरू द्यावी लागतात, माय,’ आप्पा म्हणाले. असं काही नसतं हे मला माहीत होतं, पण मी हसून सोडून दिलं.

पिशोरला बापूंच्या मळ्यात आगटी पेटली होती. ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसायची, काढून तळहातावर चोळायची, आणि तो गरम हिरवा हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. चुलतभावंडं, शेजारी, सगळे जमलेले. आप्पांच्या बोटांना तांबडा रंग लागला होता, हुरडा चोळताना आईला तो दिसला, आणि ती म्हणाली, ‘आवो, हद्दीचे दगड रंगवायला आलात का इथं?’ सगळे हसले. आप्पाही हसले आणि बोटं धोतराला पुसून मोकळे झाले.

मग त्यांनी बापूंना ठेंगणीजवळ नेलं. बापू उंच, सावकाश बोलणारे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी चारही चाकं वाकून बघितली. ‘हे कोणी केलं?’

‘शोभानं,’ आप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले. ‘माप तिचं, निवड तिची. मिस्त्री निसता नट आवळायला.’

‘चांगली दिसतेत,’ बापू म्हणाले, आणि मग माझ्याकडे न बघता, ‘पण चाक दिसायला कोण बसवतंय? पळून दाखवू दे. मला कन्नडच्या बाजाराला जायचंच हाय. गोविंदा, सोड मला.’

गोविंदा म्हणजे आप्पा. त्यांनी एकदा चाकांकडे बघितलं. मग दार उघडून बापूंना पुढे बसवलं. आईला गूळ हवा होता म्हणून मी मागे बसले. खरं म्हणजे बापूंचं तोंड बघायला बसले.

पिशोरच्या बाहेर बराच सपाट, सरळ रस्ता आहे. आप्पा हळू चालवत होते. बापू म्हणाले, ‘पळव की जरा. बैलगाडीत बसल्यावानी वाटायलंय. का पोरीची चाकं पळत नायत?’

आप्पांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला आज समजते. त्या दिवशी मी तिच्याकडे बघून मान हलवली, पळवा म्हणून. त्यांनी गाडी पळवली. इंजिनाचा आवाज चढला, बाभळी मागे धावू लागल्या, आणि मी पाहिलं की स्टिअरिंग धरलेले आप्पांचे दोन्ही हात मनगटापासून थडथड कापत आहेत. बापूंनीही पाहिलं.

‘गोविंदा, हात कामून कापायलेत रे तुझे?’

आप्पांनी वेग कमी केला. हात हळूहळू थांबले. 

‘व्हय दादा,’ ते म्हणाले. ‘कापतेत.’

‘कवापसून?’

‘झालं वरीस. कुणाला सांगितलं नाय. जोरात चालवलं, जीवावर ताण आला की लई कापतेत.’

‘डाक्टर काय म्हणतो?’

‘कमी व्हणार नाय म्हणतो.’

मला मागच्या सीटवर रडू फुटलं. माझे वडील म्हातारे होत होते आणि मी चाकांच्या खिडक्या मोजत बसले होते. बापूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. ज्या भावासाठी शाळा सोडली त्याचे कापते हात त्यांनाही बघवेनात. कन्नडची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, ‘ही गाडी सोड आता. कुठंतरी मरशील, आन् लेकरांनाबी मारशील.’

‘सोडतो,’ आप्पा म्हणाले.

‘ह्या हातांनी नकाशे किती दिवस काढणार?’

‘बघू.’

मग बापू मागे न वळता म्हणाले, ‘शोभे, त्या कारखान्यात तुला टिकवतील का?’

‘हो बापू.’

‘मंग जा. घरात एक तरी हात धड पाहिजे.’

मला जे हवं होतं ते मला असं मिळालं. कन्नडच्या बाजारात मी गूळ घेतला, माझे डोळे पुसले, आणि आनंद होतोय याची लाज वाटत असतानाही मला आनंद होत होता. परत येताना आप्पा इतके सावकाश आले की सायकलवाले पुढे गेले.  दुसऱ्या दिवशी आप्पांनी आईला आणि मला एसटीत बसवून दिलं. ‘मी मागून येतो, एकटाच, हळूहळू,’ म्हणाले. आई भांडली, आप्पा ऐकेनात. संध्याकाळ होत आली तेव्हा ठेंगणी गल्लीत शिरली. आप्पांनी ती छपराखाली लावली, तिच्यावर ताडपत्री ओढली, दोरीनं चारही कोपरे बांधले. आई त्यांना तेव्हापासून अर्धाच कप चहा द्यायला लागली, सांडू नये म्हणून. आप्पा निमूट अर्धा कप प्यायचे. घरात त्यांचे हात फारसे कापत नसत. आई म्हणायची, औषध लागू पडतंय.

मी वाळूजला जाऊ लागले. कंपनीची बस पहाटे यायची, बजाजनगरच्या चौकात चहाच्या गाड्यांवर कामगारांची गर्दी असायची, आणि त्या गर्दीत पर्स घट्ट धरून उभी असलेली मी एकटीच मुलगी. पण आत, मापाच्या खोलीत, मी सुखी होते. पहिल्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी माझ्या हातातली पोलादी पट्टी थांबवली. ‘टोकापासून मोजायचं नाही,’ ते म्हणाले. ‘टोक सगळ्यात आधी झिजतं. एकपासून मोजा, मग एक वजा करा.’ मी ते वहीत लिहून घेतलं. लिहिलं, पाठ केलं, दुसऱ्या शिकाऊ मुलांना शिकवलंही. आणि तरी घरी छपराखाली काय उभं आहे ते माझ्या डोक्यात यायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. माणूस किती हुशार असतो आणि त्याच वेळी किती मूर्ख असतो, याचा मी स्वतःच पुरावा आहे.

एका रविवारी माझं स्वतःचं वर्निअर घेऊन मी ताडपत्री सोडली. आप्पा पारावर गप्पा मारायला गेले होते, आई कुटत होती. एक चाक उतरवलं. चाकाच्या भोकांचं वर्तुळ शंभर. ठेंगणीच्या बोल्टांचं वर्तुळ अठ्ठ्याण्णव. मग घरात जाऊन ती सागवानी पट्टी आणली आणि मोजली. तिच्या टोकाचे पहिले दोन मिलिमीटर झिजून गेलेले होते. मिस्त्रींचं सूत माझ्या गोल आकड्यापेक्षा खरं होतं. चाकाच्या भोकांचं वर्तुळ दोन मिलिमीटरनं मोठं होतं, म्हणून चाक मधोमध बसलंच नव्हतं; वेग आला की ते डगमगायचं, आणि ते डगमगणं स्टिअरिंगमधून वर हातांत यायचं.

तेवढ्यावर मी कदाचित स्वतःची समजूत घातली असती की आप्पांना काही कळलं नव्हतं. पण उरलेली तीन चाकं मी नीट बघितली. प्रत्येक नटावरून चाकावर उतरणारी एक बारीक तांबडी रेघ होती. हद्दीच्या दगडांसाठी त्यांच्या डिकीत असायचा, तोच रंग. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, म्हणून ओढलेली. उतरवलेले चार धरून सोळाही नटांवर. त्या दिवशी ते हवा बघत नव्हते. माझी चूक आवळत होते, दर पाच-दहा मैलांवर, आणि मी मागे बसून कुरकुरत होते.

आप्पा आले तेव्हा मी चाक मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेली होते. त्यांनी पट्टी पाहिली, वर्निअर पाहिलं, आणि शेजारी उकिडवे बसले.

‘पट्टीचं टोक झिजलेलं हाय, माय,’ ते म्हणाले. ‘मी नेहमी एकच्या रेघेपासून मोजत आलो. हातात देताना तुला सांगायचं राहून गेलं. चूक माझीच.’

‘आप्पा, तुमचे हात कधीच कापत नव्हते.’

‘कापत होते की.’

‘चाक हलत होतं.’

‘नाय, हातच. हे बघ.’ आणि त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले आणि ते थरथरवून दाखवायला लागले. इतका वाईट अभिनय मी जन्मात पाहिलेला नाही. डावा हात जरा उशिरा सुरू झाला. मी हसायला लागले आणि हसता हसता माझा बांध फुटला, आणि आई आतून ओरडली, काय झालं म्हणून. दोन वर्षं. दोन वर्षं त्यांनी एकही शेत खिडकीतून बघितलं नव्हतं.

‘मी जुनी चाकं सरळ करून घेते,’ मी म्हणाले. ‘पुढच्या रविवारी आपण जाऊ. तुम्ही चालवा. कुठंपण.’

आप्पांनी ठेंगणीच्या बॉनेटवर हात ठेवला. ‘आन् बापूदादाला काय सांगू?’ ते म्हणाले. ‘हात कशानं बरे झाले म्हणू?’

बापू असेपर्यंत आप्पांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. बापू त्यानंतर नऊ वर्षं जगले, आणि तोवर आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जुनी चाकं मी सरळ करून घेतली, ठेंगणी चालवायला मी शिकले, आणि आप्पा शेजारी बसायला लागले. ‘ही विहीर बघ,’ ते म्हणायचे, ‘त्या बाभळीकडे बघ.’ मी बघू शकत नव्हते, मला रस्त्यावर नजर ठेवावी लागायची. लोक म्हणायचे, बापाला लेक गाडीतून फिरवते, नशीबवान आहे. मला गाडी चालवायची नव्हती. मला ती आप्पांनी चालवलेली हवी होती, आणि या वयातही तीच हवी आहे.